बार्सिलोनात शिकताना स्पॅनिश क्रियापदं कशी बसवावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा विद्यार्थी पुढच्या शिक्षणासाठी बार्सिलोनाला निघाला की आधी चार-सहा महिने स्पॅनिशचा क्लास लावतो किंवा मोबाइलवर अॅप घेतो. तिथं पोचल्यावर मेट्रोतली सूचना, विद्यापीठातली पाटी, बेकरीतलं बोलणं कानावर येतं आणि पाठ केलेली रूपं त्यात सापडत नाहीत. ती भाषा बहुतेक वेळा कॅटलान असते. कॅटलान ही स्पॅनिशची बोली नाही, स्वतंत्र भाषा आहे. कॅटलोनिया, बालेआरिक बेटं आणि वालेन्सिया या प्रदेशांत ती स्पॅनिशच्या जोडीनं अधिकृत आहे (वालेन्सियात तिला वालेन्सियन म्हणतात), आणि अँडोरा देशाची तर ती एकमेव अधिकृत भाषा आहे.

दोन भाषा शेजारी शेजारी वागवणं सीमाभागातल्या मुलांना नवं नाही. बाजारात मराठीत भाव विचारायचा आणि बसमध्ये कंडक्टरशी कानडीत बोलायचं, हे रोजचंच. पण मराठी आणि कानडी वेगवेगळ्या कुळांतल्या असल्यामुळे ‘जातो’ आणि ‘होगतीनि’ ही रूपं डोक्यात एकमेकांत मिसळत नाहीत. स्पॅनिश आणि कॅटलान दोघीही लॅटिनच्या लेकी. मराठी बोलता बोलता कोकणी शब्द घुसावा तशी त्यांची रूपं एकमेकींत शिरतात. म्हणून स्पॅनिश क्रियापद शिकताना कॅटलानकडे कान बंद करून चालत नाही. ती नेमकी कुठं मदत करते आणि कुठं पाय ओढते, हे आधीच माहीत असावं.

लिहिण्याची आणि उच्चाराची खूण

इथं स्पॅनिश रूपं देवनागरीत लिहिली आहेत, तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. ‘थ’ हा आपल्या ‘थाळी’तला नाही. जिभेचं टोक दातांमध्ये धरून हवा सोडायची. ‘ख’ म्हणजे घसा खरवडल्यासारखा घर्षणाचा आवाज. ‘ब’ दोन स्वरांमध्ये आला की ओठ पूर्ण मिटत नाहीत. आणि ‘ऽ’ जिथं दिसेल त्या अक्षरावर जोर द्यायचा. खूण नसेल तर शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असलेल्या शब्दाचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, बाकीच्या शब्दांचा शेवटच्या अक्षरावर.

जोराकडे दुर्लक्ष करू नका. मराठीत जोर बदलल्यानं अर्थ फारसा बदलत नाही, म्हणून आपला कान त्याला सरावलेला नसतो. स्पॅनिशमध्ये ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतो, आणि ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. काळ बदलला, माणूसही बदलला, आणि अक्षरं मात्र तीच राहिली.

सहा प्रत्यय

स्पॅनिश क्रियापदांचे तीन गट आहेत. मूळ रूप आर, एर किंवा ईर यांत संपतं. प्रत्येकी एक नमुना घ्या: आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे), बिबीर (राहणे).

आब्लार: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाऽइस, आब्लान.
कोमेर: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेऽइस, कोमेन.
बिबीर: बीबो, बीबेस, बीबे, बिबीमोस, बिबीऽस, बीबेन.

क्रम असा: मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही (अनेकजण), ते. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर हा तक्ता ओळखीचा वाटेल. वदसि मधला ‘स’ आब्लास मध्ये आहे, वदामः मधला ‘म’ आब्लामोस मध्ये, वदन्ति मधला ‘न’ आब्लान मध्ये. हा योगायोग नाही. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या भाषाकुळातल्या आहेत आणि हे प्रत्यय त्यांना सामायिक वारशानं मिळाले आहेत. आपल्या ‘करतोस’, ‘गेलास’ मध्येही तोच ‘तू’चा स टिकून आहे.

मराठी माणसाला इथं आणखी दोन सोयी आहेत. क्रियापदावरूनच कर्ता कळत असल्यामुळे ‘येतोस का?’ म्हणताना आपण ‘तू’ म्हणत नाही, कानडीतही ‘बरतीरेन्री?’ एवढ्यावर भागतं. स्पॅनिशमध्ये अगदी तसंच. इंग्रजीच्या सवयीनं प्रत्येक वाक्याला ‘यो’ (मी) लावू नका, ऐकणाऱ्याला तुम्ही उगीच ‘मी, मी’ करताय असं वाटतं. दुसरी सोय म्हणजे क्रियापदाला लिंग नाही. ‘जातो’ आणि ‘जाते’ दोन्हीला एकच रूप.

‘तुम्ही’चं मात्र नीट समजून घ्या. स्पेनमध्ये चार मित्रांना उद्देशून बोलताना पाचवं रूप लागतं, आब्लाऽइस, कोमेऽइस. बऱ्याच अॅपमध्ये लॅटिन अमेरिकेतली स्पॅनिश असते आणि तिथं हे रूप वापरात नाही, त्यामुळे अॅपवर शिकून गेलेल्याचा एक खण रिकामाच राहतो. एका वडीलधाऱ्या माणसाला आदरानं बोलताना ‘उस्तेद’ असतं आणि त्याला ‘तो’चं, म्हणजे तिसरं रूप लागतं. अर्थानं ‘तुम्ही’, रूपानं ‘तो’. बँकेत, सरकारी कचेरीत, म्हाताऱ्या शेजाऱ्यांशी उस्तेद धरा. विद्यापीठात विद्यार्थी आपापसांत, आणि पुष्कळदा प्राध्यापकांशीही, एकेरीतच बोलतात. तिथं ते उद्धट मानत नाहीत.

पाठांतर कसं करायचं? तक्ता वरून खाली घोकला की रूप आठवायला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि बोलताना तेवढा वेळ नसतो. त्यासाठी लुडोचा फासा घ्या. एक म्हणजे मी, दोन म्हणजे तू, असं सहापर्यंत. दहा क्रियापदांच्या चिठ्ठ्या करा. चिठ्ठी उचला, फासा टाका, रूप मोठ्यानं म्हणा. तीन सेकंदांत आलं नाही तर चिठ्ठी बाजूला ठेवा आणि शेवटी पुन्हा घ्या. दहा मिनिटांत तीस-पस्तीस फेऱ्या होतात. सलग चार दिवस एखादी चिठ्ठी अडली नाही की ती काढून नवी घाला. मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही, जिभेला वळण लागलं पाहिजे.

मूळ का बदलतं

दोर्मीर (झोपणे) याची रूपं अशी: दुएर्मो, दुएर्मेस, दुएर्मे, दोर्मीमोस, दोर्मीऽस, दुएर्मेन. चार ठिकाणी ‘ओ’चा ‘उए’ झाला, आम्ही आणि तुम्हीला नाही. कारण जोराचं आहे. जोर मुळावर असेल तर स्वर फुटतो, जोर प्रत्ययावर गेला की स्वर पूर्ववत होतो. मराठीत ‘दूध’चं ‘दुधाला’, ‘पीठ’चं ‘पिठात’ होताना पुढं अक्षर आलं की मुळातला स्वर आखडतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. पेन्सार (विचार करणे): पिएन्सो, पण पेन्सामोस. पोदेर (शकणे): पुएदो, पण पोदेमोस. पेदीर (मागणे): पीदो, पण पेदीमोस.

कॅटलानमध्ये हा स्वर फुटत नाही. ‘तो झोपतो’ला कॅटलान ‘दोर्म’ म्हणते, स्पॅनिश ‘दुएर्मे’. दिवसभर वर्गात ‘पेन्स’, ‘दोर्म’ ऐकल्यावर संध्याकाळी स्पॅनिशमध्ये ‘पेन्सा’, ‘दोर्मे’ असं निघतं. म्हणून ही क्रियापदं शिकताना मूळ रूपापासून सुरुवात करू नका. ‘दुएर्मो - दोर्मीमोस’ अशी जोडीच पाठ करा, बाकीची रूपं त्यातून निघतात.

‘मी’च्या रूपात ‘ग’ येणारा एक गट आहे: तेंगो (माझ्याकडे आहे), बेंगो (येतो), पोंगो (ठेवतो), साल्गो (निघतो), आगो (करतो), दीगो (सांगतो), त्राइगो (आणतो). ही सात रूपं पक्की करा, पुढं ‘-आवं’च्या रूपांसाठी हीच पायाभरणी होते.

आवडतं, आहे, आणि मराठीचा आधार

‘आवडणे’ हे क्रियापद इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार छळतं. आपल्याला ते फुकट मिळतं. मला आंबा आवडतो: मे गुस्ता एल मांगो. मला आंबे आवडतात: मे गुस्तान लोस मांगोस. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, ‘मला’ तसाच राहतो. वाक्य मराठीतून उचला आणि ठेवा. दुखणं (मे दुएले), कमी पडणं (मे फाल्ता), उरणं (मे केदा) यांचंही तसंच. पण या सवयीनं ‘मला जावं लागतं’लाही ‘मे’ लावू नका. तिथं स्पॅनिशमध्ये कर्ता ‘मी’ असतो: तेंगो के ईर.

‘आहे’ मात्र अवघड. मराठीच्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये चार क्रियापदं आहेत. मी बेळगावचा आहे: सोय दे बेळगाव. मी लायब्ररीत आहे: एस्तोय एन ला बिब्लिओतेका. इथं जवळ एटीएम आहे का: आय उन काखेरो पोर आकीऽ? मला दोन भाऊ आहेत: तेंगो दोस एर्मानोस. वाक्य मनात आलं की आधी मराठीत तपासा. ‘मला’, ‘माझ्याकडे’, ‘माझ्याजवळ’ असेल तर तेनेर (मला ताप आहे: तेंगो फिएब्रे). ‘अशी काही वस्तू आहे का’ असा प्रश्न असेल तर आय. ओळखीची वस्तू किंवा माणूस कुठं आहे, कसा आहे हे सांगायचं असेल तर एस्तार. कोण, कुठला, कसला हे सांगायचं असेल तर सेर. एक अपवाद लगेच लागतो: कार्यक्रम, तास, परीक्षा कुठं आहे हे सांगताना सेर येतं. क्लास तीन नंबरच्या खोलीत ‘एस’, पण प्राध्यापक तीन नंबरच्या खोलीत ‘एस्ताऽ’.

कॅटलानमध्ये जागा सांगायला सेर पुष्कळ चालतं. ‘मी घरी आहे’ला कॅटलान माणूस सेरचं रूप वापरतो. तेच स्पॅनिशमध्ये आणलं तर चूक. इथं मराठी आणि कॅटलान दोघींचा रेटा एकाच बाजूला असल्यामुळे ही चूक वर्षभरसुद्धा जात नाही.

चालू क्रियेसाठी प्रमाण मराठीतल्या ‘जेवतोय’पेक्षा आपल्या बोलीतलं ‘जेवालोय’, ‘काय करालास?’ जास्त उपयोगी पडतं. ‘करालोय’ म्हणाल तिथं एस्तार अधिक आंदो किंवा इएन्दो: एस्तोय कोमिएन्दो. पण ‘उद्या गोव्याला चाललोय’ अशा वाक्याला ही रचना लावू नका. स्पॅनिशमध्ये ती भविष्यासाठी येत नाही.

भूतकाळ: इथं सर्वांत जास्त वेळ द्या

आधी पूर्ण भूतकाळ. आर गटात: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. एर आणि ईर गटांना प्रत्यय एकच: कोमीऽ, कोमीस्ते, कोमिओऽ, कोमीमोस, कोमीस्तेइस, कोमिएरोन. दुसऱ्या रूपाकडे लक्ष द्या. बाकी सगळीकडे ‘तू’ला स असतो, इथं नाही. ‘बोललास’च्या सवयीनं आपण ‘आब्लास्तेस’ म्हणतो. स्पेनमधलेही काही लोक तसं बोलतात, पण लिखाणात आणि परीक्षेत ती चूक धरली जाते.

अनियमितांचं मूळ बदलतं आणि ‘मी’ व ‘तो’च्या रूपांत जोर प्रत्ययावरून उडतो: तूबे (तेनेर), एस्तूबे (एस्तार), पूदे (पोदेर), पूसे (पोनेर), सूपे (साबेर, माहीत असणे), ईथे (आथेर), कीसे (केरेर, हवं असणे), बीने (बेनीर), दीखे (देथीर), त्राखे (त्राएर). सगळ्यांना एकच साखळी: ए, इस्ते, ओ, इमोस, इस्तेइस, इएरोन. मुळाच्या शेवटी ‘ख’ आला की शेवटचं ‘एरोन’ होतं, दिखेरोन. जाणे आणि असणे (सेर) दोघांचा भूतकाळ एकच: फुई, फुईस्ते, फुए, फुईमोस, फुईस्तेइस, फुएरोन. अर्थ वाक्यावरून लागतो.

अपूर्ण भूतकाळ सोपा. आब्लाबा, कोमीऽआ, आणि अनियमित फक्त तीन: एरा (होता), ईबा (जायचा), बेईऽआ (बघायचा). कधी कुठला वापरायचा याचं उत्तर मराठीत तयार आहे. ‘-यचो’ आणि ‘-त होतो’ला अपूर्ण, ‘-लो’, ‘-ला’ला पूर्ण. सुट्टीत आम्ही खानापूरला जायचो: ईऽबामोस. काल गेलो: फुई. पाऊस पडत होता तेवढ्यात लाईट गेली: योबीऽआ कुआन्दो से फुए ला लुथ. लाईट ‘जाते’ ती स्पॅनिशमध्येही जातेच.

फसवणूक एका शब्दाची आहे, ‘होतो’. ‘काल दिवसभर लायब्ररीत होतो’ यात वेळ पुरी झाली, म्हणून एस्तूबे. ‘लायब्ररीत होतो तेव्हा तुझा फोन आला’ यात वेळ उघडी आहे, म्हणून एस्ताबा. मराठीला दोन्हीकडे ‘होतो’ पुरतं. तेव्हा ‘होतो’ आला की स्वतःला विचारा: तो वेळ संपल्याचं सांगतोय, की त्या वेळात काय झालं ते सांगतोय?

‘आज’च्या गोष्टीसाठी तिसरा भूतकाळ आहे. आबेर या सहायक क्रियापदाची रूपं ए, आस, आ, एमोस, आबेऽइस, आन, आणि पुढं आदो किंवा इदो. आज जेवलो: ओय ए कोमीदो. काल जेवलो: आयेर कोमीऽ. मराठीच्या खोडीमुळे इथं एक चूक हमखास होते. आपण ‘आंबा खाल्ला’, ‘पोळी खाल्ली’ असं कर्माप्रमाणे बदलतो. स्पॅनिशमध्ये आबेरनंतरचं रूप बदलत नाही. ‘सफरचंद’ (ला मान्थाना) स्त्रीलिंगी असलं तरी ए कोमीदोच, कोमीदा नाही. कोमीदा म्हणजे जेवण. वेगळी रूपं थोडी आहेत: एचो (केलेलं), दीचो (म्हटलेलं), बीस्तो (पाहिलेलं), पुएस्तो (ठेवलेलं), एस्क्रीतो (लिहिलेलं), आबिएर्तो (उघडलेलं), बुएल्तो (परतलेलं), रोतो (मोडलेलं).

आता कॅटलानचा सर्वांत मोठा सापळा. कॅटलानमध्ये रोजच्या बोलण्यातला भूतकाळ असा होतो: बाच, बास, बा, बाम, बाउ, बान, आणि पुढं मूळ क्रियापद. ‘बा कुम्प्राऽ’ म्हणजे त्यानं विकत घेतलं. स्पॅनिशमध्ये जाणे या क्रियापदाची रूपं आहेत बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान, आणि ‘बा आ कोम्प्रार’ म्हणजे तो विकत घेणार आहे. भरभर बोलताना मधला ‘आ’ विरून जातो आणि ‘बा कोम्प्रार’ एवढंच ऐकू येतं. एकीकडे झालेली गोष्ट, दुसरीकडे व्हायची गोष्ट, आणि ऐकताना फरक जवळजवळ शेवटच्या ‘र’चा. कॅटलान ‘र’ गाळते, स्पॅनिश म्हणते. प्रोजेक्ट कुणी जमा केला आणि कोण करणार आहे, हे इथंच उलटं समजतं.

उपाय असा. वहीत एक पान या एकाच गोष्टीसाठी ठेवा. डावीकडे कॅटलान, मध्ये मराठी, उजवीकडे स्पॅनिश. बा कुम्प्राऽ, विकत घेतलं, कोम्प्रोऽ. रोज कानावर पडलेली पाच वाक्यं अशी लिहा. यातून एक फायदाही होतो. कॅटलानही ‘आज’साठी आबेरसारखी रचना आणि ‘काल’साठी ‘बा’ची रचना वापरते. म्हणजे कुठला भूतकाळ वापरायचा याची सीमा दोन्ही भाषांत जवळजवळ एकच आहे. कॅटलान मित्र ‘बा’ म्हणाला तर तुमचा स्पॅनिश पूर्ण भूतकाळ, तो ‘ए, आस, आ’ म्हणाला तर तुमचाही तोच.

अ, आ आणि ए

स्पॅनिशमध्ये ‘अ’ नाही. बार्सिलोना, जिरोनाकडच्या कॅटलानमध्ये आहे: जोर नसलेला आ किंवा ए तिथं ‘अ’ होतो. आपल्याकडे ‘अ’ जन्मापासून आहे, त्यामुळे तो तोंडात सहज बसतो, आणि इथंच घात होतो. स्पॅनिश ‘कोम्प्रास’ म्हणजे तू विकत घेतोस, ‘कोम्प्रेस’ म्हणजे तू विकत घ्यावंस. दोन्ही ‘कोम्प्रस’ असं निघालं की फरक संपला. शेवटचा स्वर जोर नसला तरी पूर्ण उच्चारा. वालेन्सियात अडचण वेगळी आहे. तिथल्या बोलीत ‘मी गातो’ हे ‘कान्ते’ असतं, आणि स्पॅनिशमध्ये कान्ते म्हणजे ‘गावं’.

-आवं ची रूपं

यांचं नुसतं नाव निघालं तरी स्पॅनिश शिकणारे धास्तावतात, पण मराठीत त्यांची जागा आधीच आखलेली आहे. ‘मला यावंसं वाटतं’ यात इच्छा आणि येणं एकाच माणसाचं, म्हणून मूळ रूप: किएरो बेनीर. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यात इच्छा माझी, येणं तुझं, म्हणून नवं रूप: किएरो के बेंगास. ‘यावंसं’ आणि ‘यावंस असं’ एवढा फरक मनात आला की स्पॅनिशचं उत्तर मिळालं.

रूप करायला ‘मी’चं वर्तमान घ्या, ओ काढा, आणि उलटा स्वर लावा. आर गटाला ए, बाकीच्यांना आ. आब्लो वरून आब्ले, कोमो वरून कोमा, तेंगो वरून तेंगा, दीगो वरून दीगा. वेगळी फक्त सहा: सेआ (सेर), बाया (ईर, जाणे), आया (आबेर), सेपा (साबेर), एस्तेऽ (एस्तार), दे (दार, देणे). नाही म्हणायची आज्ञाही यातूनच होते. ये: बेन. येऊ नकोस: नो बेंगास.

दोन ठिकाणी मराठी साथ देत नाही. ‘तो येईल असं वाटतं’ला साधं भविष्य, पण ‘तो येईल असं नाही वाटत’ला बेंगा. आणि ‘तू पोचशील तेव्हा फोन कर’. आपण भविष्यकाळ वापरतो, कॅटलानमध्येही तो चालतो, स्पॅनिशमध्ये नाही: कुआन्दो येगेस, याऽमामे. ‘कुआन्दो’ आणि पुढं व्हायची गोष्ट आली की थांबा आणि ए-आ उलटवा.

भविष्यकाळाला वेगळे कष्ट नाहीत. मूळ रूपाच्या शेवटी आबेरचीच रूपं चिकटतात, आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आणि कॅटलानचं भविष्यही जवळपास तसंच असतं. बारा क्रियापदांचं मूळ वाकतं (तेंद्रेऽ, बेंद्रेऽ, पोद्रेऽ, आरेऽ, दिरेऽ वगैरे), ती शिकलात की झालं.

येणं-जाणं

कुणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो. कॅटलान माणूसही त्या वेळी येणे वापरतो, ‘आर बिंक’. स्पॅनिशमध्ये बोलणारा जिथं नाही तिथं तो ‘जातो’: आओरा बोय. निघताना ‘जातो’ म्हणू नये म्हणून आपण ‘येतो’ म्हणतो. ती पद्धत मनात असू द्या, पण तोंडून ‘मे बोय’च यावं. ‘बेंगो’ म्हणालात तर समोरचा बुचकळ्यात पडेल. आणणं (त्राएर) आणि नेणं (येबार) हा भेद मराठीसारखाच आहे. कॅटलान दोन्हीला एकच क्रियापद वापरते, तेव्हा इथं मराठीवर विसंबा.

वेळापत्रक आणि तिथला सराव

निघायच्या आधी बारा आठवडे हातात असतील तर रोज अर्धा तास पुरतो: दहा मिनिटं फासा, पंधरा मिनिटं मराठी वाक्यांवरून स्पॅनिश वाक्यं लिहिणं, पाच मिनिटं मोठ्यानं वाचन. पहिले चार आठवडे वर्तमानकाळावर घाला, त्यात नियमित आणि चौदा-पंधरा अनियमित. पाचव्यात ‘बोय आ’ आणि आजचा भूतकाळ. सहा ते नऊ पूर्ण आणि अपूर्ण भूतकाळ. उरलेल्यात भविष्य आणि -आवं. घाई झालीच तर -आवं सोडा, पण भूतकाळ सोडू नका. रूपाबद्दल शंका आली तर स्पॅनिश अकादमीच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात मूळ रूप शोधा, तिथं पूर्ण रूपावली मिळते.

विषय निवडताना प्रत्येक गटाची शिकवण्याची भाषा विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बघून घ्या. एकाच विषयाचा एक गट कॅटलानमध्ये आणि दुसरा स्पॅनिशमध्ये असू शकतो. घरी ऐकायला स्पेनची राष्ट्रीय वाहिनी ला-ऊनो लावा. टीव्ही-त्रेस कॅटलानची आहे. दुकानात शिरताना ‘बोन दिअ’ असं कॅटलानमध्ये अभिवादन करा आणि पुढं स्पॅनिशमध्ये बोला. परका उच्चार ऐकला की बहुतेक लोक आपणहून स्पॅनिशमध्ये येतात. ते कॅटलानमध्येच बोलत राहिले तर ‘स्पॅनिशमध्ये बोला’ असं हुकमी सांगू नका. आपल्या भाषेत बोलू नका असं ऐकणं किती लागतं हे सीमाभागात वाढलेल्याला सांगायला नको. ‘मी अजून शिकतोय, स्पॅनिशमध्ये सांगाल का?’ असं विचारलं की बहुतेकजण आनंदानं सांगतात.

कॅटलानचा वर्ग लवकर लावावा असं वाटेल, आणि लावावाच. विद्यापीठांत सोय असते, आणि सरकारी भाषा-संस्थेचे प्राथमिक वर्ग मोफत असतात. पण स्पॅनिशचा वर्तमानकाळ आणि दोन्ही भूतकाळ फाशावर न अडखळता येईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले तीन-चार महिने, कॅटलान फक्त ऐका आणि वाचा. बोलायला त्यानंतर घ्या. त्या वेळी ‘बा’चं ते तीन रकान्यांचं पान काढा आणि डावीकडचा कॅटलान रकाना पुरा भरायला लागा.